पाठमोरी

घाटीगावच्या पुढे एक बंद पडलेली खदान.
लष्करातल्या किती घरांच्या पायऱ्या, किती ओटे
इथून निघून गेले;
उरली ही सत्तर फुटांची उभी भिंत
आणि तळाशी बाभळी.

मी आले होते मुली मोजायला.
पीटीच्या सरांना कावीळ, म्हणून संस्कृतच्या बाई.
अकरा उतरल्या.
बारावी, प्रियंवदा तोमर,
काठावर बसली ती बसलीच,
बुटाची नाडी सोडत, बांधत, सोडत.

भदौरिया म्हणाला, दूसरी रस्सी खाली है मैडम,
आप उतरेंगी तो ये भी उतरेगी.
सोपं आहे म्हणे. दरीला पाठ द्यायची
आणि खुर्चीत बसतो तसं बसायचं.
खुर्ची नसते, एवढंच.

साडीवर हार्नेस चढेना.
तोमरचीच जादा ट्रॅकपँट झुडपाआड घातली,
हेल्मेटखाली अंबाडा मावेना तो सोडला.
आणि काठावर, टाचा हवेत गेल्यावर,
एकदम ओळखीचं वाटलं हे चालणं:
गाभाऱ्यातून निघताना देवाला पाठ दाखवायची नाही,
म्हणून मागे, मागे, उंबरा चाचपत.
तोंड दगडाकडे.

निम्म्यात हात मिटला.
उजवा, दोर धरलेला. उघडेचना.
नाकासमोर सुरुंगाची अर्धी नळी, तिच्यात पारव्याचं पीस,
शेजारी गेरूने चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
पुन्हा चार. मग तीनच.
इथे कुणीतरी लटकून मोजत होतं,
भोकं की दिवस की मजुरी,
आणि त्याला हेल्मेट नव्हतं नक्कीच.

डावीकडे बुटांची खरखर.
तोमर. घामाने चिंब, डोळे टक्क उघडे.
मैडम, दाहिना हाथ ढीला.
थोड़ा. थोड़ा ही.
वर्गात हिला मी 'रामः रामौ'साठी उभी ठेवलेली.
वीतभर दोर सोडला.
वीतभर बाभळी वर आल्या.
पुन्हा वीतभर.

खाली कमरेचा लोखंडी आठ इतका तापलेला
की बोट पोळलं.
मुली मोजल्या: बारा. परत मोजल्या. बारा.
तोमरने माझ्याकडे बोट केलं आणि
सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,
तेरह.

ट्रॅकपँट धुऊन ठेवली आहे.
गुडघ्यावरचा दगडाचा तांबूस डाग
दोनदा साबण लावून गेला नाही,
तिसऱ्यांदा मी लावला नाही.