अकरा कौलं जास्तीची

नंबर देते गं, लिहून घे.
पण आधी ऐक.
तू विचारलंस, फुटाला किती घेतो?
मीही तेच विचारलं होतं इराप्पा बडिगेरला.
उत्तर न देता तो घराला फेरी घालून आला,
वळचणीखाली उकिडवा बसला,
बराच वेळ वर बघून म्हणाला,
"ही शेवग्याची फांदी कोण तोडणार बाई, तुम्ही की मी?
आधी ते ठरवू."

काजू मोहरला होता तेव्हा नंदगडात.
सकाळी सहाला चौघे आले.
चहा नको म्हणाले, जुनी लुगडी मागितली.
शिलाई मशीन झाकलं, तांदळाचा पिंप झाकला,
मामंजींचा फोटो मात्र
कपाटात उभा करून ठेवला.
"निजवून वर कापड घातलेलं
बरं दिसत नाही," इनास म्हणाला.

कौलं हातोहात खाली आली, एकही फेकलं नाही.
दुंडाप्पा प्रत्येकाला बोटाच्या पेरानं वाजवायचा.
टण् बोललं ते उजवीकडे,
भद् बोललं ते डावीकडे.
दुपारपर्यंत
चुलीपाशी बसून मला कळायला लागलं
कुठलं कुठल्या बाजूला जाणार.

आपसात कानडी बोलायचे,
माझ्याशी मराठी, ती पण हेल काढून,
आणि मापं घेताना तिसरंच काहीतरी:
साडेसात फूट, दोन बोटं, एक सूत कमी.

तिसऱ्या दिवशी काम थांबलं.
इराप्पानं मला शिडीवर बोलावलं. मला!
पदर खोचला, चढले.
पाचवा वासा. वरून बघावं तर धडधाकट सागवान.
त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला,
तो मुठीपर्यंत आत गेला, शिऱ्यात गेल्यासारखा.
"झाकला तर तुम्हाला कळणार नाही," म्हणाला,
"पण मला पुढच्या साली
याच गल्लीतून जायचंय."

बाराशे चाळीस रुपये वाढले.
पावती आहे, सुपारीच्या डब्यात.
हवी तर दाखवते.

संध्याकाळी दुंडाप्पा
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून
अंगणभर ओढत फिरायचा,
रेडकू हिंडवावं तसा.
गोठ्यापाशी दोनदा.
खिळे मोजून डब्यात टाकायचा,
मगच हातपाय धुवायचा.

आणि शेवटच्या दिवशी, हे नीट ऐक,
इराप्पा म्हणाला, "आत जाऊन बसा.
जमिनीवर पेपर अंथरा, दार लावून घ्या.
मी वरून ओततो, तुम्ही बघा."
विहिरीवरून घागरी निघाल्या.
मी एकटी आत, मान वर करून,
डोक्यावरून पाणी चालल्याचं ऐकत.
आढ्यावरून निघालं,
मधे कुठेतरी घुटमळलं,
मग पन्हळीत धावत सुटलं.

एक थेंब पडला.
नेमका राशिभविष्यावर, माझ्याच राशीवर.
मी हाक मारली.
आला, वाकून बघितलं.
हसला नाही,
असू दे, सुकेल, असंही म्हणाला नाही.
वर गेला. तीन कौलं उचलली, एक बदललं.
पुन्हा घागर, पुन्हा मी आत,
नवा पेपर.
कोरडा.

उरलेली अकरा कौलं शेवग्याखाली रचून दिलीत.
"विकू नका. या शिक्क्याची भट्टी
कधीच विझली," सांगून गेला.

वाशांवर त्यांनी खडूनं कानडी आकडे घातले होते,
ते राहिलेत.
मला येत नाहीत वाचायला.
धाकटी कानडी शाळेत जाते, ती रात्री
अंथरुणात पडल्या पडल्या मोजते,
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु,
मग थांबते.
पाचवा नवा, त्याच्यावर काही लिहिलेलं नाही.
आरु, म्हणते, आणि कूस बदलते.

घेतलास ना लिहून?
सकाळी सहाच्या आत कर.
एकदा वर चढला की
फोन उचलत नाही तो.