अवतरणचिन्ह

कस्तुरचंद पार्कवरची सभा नवाला संपली.
साडेनऊला भाषण माझ्या टेबलावर,
दहाला वरून फोन:
पहिलं पान, सहा कॉलम, फोटो कापू नका.

भाषण मी तीनदा ऐकलं.
साहेब बोलतात छान, हे मानायला हवं.
आधी संत्र्याचा भाव, मग उड्डाणपुलाखालचे खड्डे,
मग हसवतात, मग आईची आठवण काढतात,
आणि लोक जरा मऊ झाले
की हळूच रक्तावर येतात.
या मातीचं रक्तच वेगळं, म्हणाले.
चेहरा सांगतो, कोण बाहेरचा.
टाळ्या चोवीस सेकंद. मी मोजल्या,
कारण तेही लिहायचं असतं.

तोच मथळा घेतला: 'चेहरा सांगतो, कोण बाहेरचा'
दोन्ही टोकांना एकेरी अवतरण,
दोरीवरच्या चिमट्यांसारखं.
म्हणजे कपडा दुसऱ्याचा,
आम्ही फक्त वाळत घातलाय.

पान लावणारा हेडाऊ म्हणाला,
मॅडम, बसूनच नाही राह्यलं.
शेवटचा चा बाहेर जाऊन राह्यला.
फॉन्ट लहान करू?
फॉन्ट लहान करायचा नाही, वरून सांगितलंय.
मग हे चिन्हं काढू का?

पावणेएकला बुटीबोरीत मशीन सुरू होते.
मी म्हटलं, काढ.

फोटो उईकेचा.
मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या म्हणून
गुडघ्यावर बसून, खालून घेतलेला.
खालून घेतला की माणूस पुतळ्याएवढा होतो, मागचं सगळं आभाळ.
पुंडलिक उईके, देवरीकडचा.
ज्याच्या गोंड राजानं हे शहर वसवलं
तो रात्री एकला कँटीनमध्ये
तर्रीपोह्यांवर लिंबू पिळत विचारतो,
"मॅडम, माह्या चेहऱ्यावर काय दिसून राह्यलं?"
झोप, मी म्हटलं.
तो हसला. मीही हसले.
तेवढ्यात वेळ बरा गेला.

भिंतीवरच्या टीव्हीत आठ चौकटी.
वंश म्हणजे नेमकं काय, यावर एक निवृत्त प्राध्यापिका
वाक्य सुरू करत होत्या.
सतरा मिनिटं त्या तेच वाक्य सुरू करत होत्या.
खाली लाल पट्टी पळत होती,
आपले की परके,
आणि तिच्याकडे प्रश्नचिन्हाला मात्र जागा होती.

गुरुवारी झिंगाबाई टाकळीतून फोन आला.
सुदानची दोन मुलं, फार्मसीची.
घरमालकानं सामान जिन्यात आणून ठेवलं.
भांडण नाही, थकबाकी नाही.
गल्लीतले म्हणतात, तो म्हणाला, मी काय करू.
मोठ्यानं नाव सांगितलं, इद्रिस,
पहिली इ ऱ्हस्व, असंही सांगितलं,
"पेपरात बरोबर लिहाल नं, बाप्पा?"
चार वर्षांत त्याला बाप्पा
अगदी योग्य जागी लावता येत होतं.

मी लिहिलं.
पान पाच, खाली, एक कॉलम,
सराफाच्या जाहिरातीशेजारी उरलं तेवढ्यात.
विद्यार्थ्यांशी कथित 'वंशद्वेष'.
अवतरणं दोन्ही बसली.
कथितही बसलं.
हेडाऊ म्हणाला, हे कसं झकास बसलं पाहा.
इद्रिसची इ दीर्घ छापून आली.
त्याची दुरुस्ती शनिवारी दिली, दोन ओळी,
खेद व्यक्त करून.

उईके तिथेही जाऊन आला होता.
त्याच्या फोटोत जिना, पत्र्याची पेटी,
एक प्रेशर कुकर, पुस्तकांचं बोचकं.
पुढे लोखंडी फाटक,
फाटकाला आमचं पहिलं पान,
मथळा दिसेल असं घडी घालून
कपड्यांच्या दोन चिमट्यांनी लावलेलं.
एक निळा, एक गुलाबी.

फोटो चांगला होता.
जागा नव्हती.