उणे अठरा

रात्रीचे दोन. तांबड्या समुद्राची वाट बंद,
आणि न्हावा-शेव्याच्या यार्डात आमचे तीन डबे
प्लगला लागून घरघरतायत. उणे अठरा.

आगाशीकर म्हणतो, आफ्रिकेला वळसा घालू,
सोळा दिवस जास्त, गोठलेल्याला घाई कसली.
विमानाचं भाडं? त्याने आकडा सांगितला
आणि आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प.

माकुलं जाऊ देत वळशाने.
कोळंबी अर्धी सहारहून, तोटा खाऊन,
नाहीतर ते गिऱ्हाईक पुढल्या साली फोन उचलायचं नाही.
उरलं बर्फातलं पापलेट:
त्याला ना वळसा परवडतो ना आभाळ.

पहाटे ससून डॉकवर दमयंती तांडेल
कोळंबी सोलता सोलता विचारते,
"उद्याला माल हाय ना?"
तिला किलोमागे पैसे.
माझ्याकडे तीन बंदरांची नावं, विम्याचं एक कलम,
याचं उत्तर नाही.

तीच उठते, पापलेटाचा कल्ला उचलून बघते.
"अजून लाल हाय. भाऊच्या धक्क्याला न्या, उजाडायच्या आत."

मी टेम्पोवाल्याला फोन लावला.
दोनदा नुसताच वाजला.
तिसऱ्यांदा त्याने झोपेतच विचारलं,
"किती पेट्या?"