सतरा नंबर

नागाळा पार्कात, नेजकरांच्या नव्या बंगल्यात
खोका उघडला तेव्हा आधी निघाला भुसा,
मग कागद, मग पुन्हा कागद,
मग इटलीहून आलेलं झुंबर, त्रेचाळीस तुकड्यांत.
काही कमळाच्या देठासारखे,
काही नुसतेच थबकलेल्या पाण्यासारखे.
सोबत पांढरे रबरी हातमोजे, दोन जोड.
मुल्लाणीमामांच्या उजव्या मोज्याचं एक बोट
रिकामंच लोंबत राहिलं.

मी शिडीवर, मामा खाली.
आकडा बघून एकेक काच वर देत होते.
सतराला थांबले.
"ह्यात ब्लोहोल हाय."

सव्वीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत
मामांनी हेच शोधलं :
ओतलेल्या लोखंडात अडकलेली हवा.
हातोडीची टिचकी, कान लावून आवाज,
खडूची फुली, आणि माल परत भट्टीत.
फाउंड्री नेजकरांचीच.

नेजकर आले, चष्मा कपाळावर चढवला.
"रिजेक्ट. परत पाठवा," म्हणाले,
आणि फोन लावत गॅलरीत गेले.
सकाळचे साडेनऊ. तिकडं अजून उजाडायचं होतं.
कुणी उचलेना.

मामा काच खिडकीकडं धरून उभे.
मोहरीएवढा बुडबुडा, जरा लांबट,
एका अंगाला सरकलेला,
फुंकता फुंकता कुणी हाक मारली
आणि त्यानं मान वळवली असावी तसा.

"वाळूच की ही बी," ते म्हणाले.
मग खोकला आला. नेहमीचा, पायरीवर बसवणारा.
काच तेवढ्यापुरती माझ्या हातात.
(छातीच्या फोटोत चांदणं पडलंय,
असं मामा सगळ्यांना सांगतात,
हसून सांगतात.)

"त्यानं फुकलं ते ह्यात ऱ्हायलं बघ,"
दम परत आल्यावर म्हणाले.
"आन् आमी वडलं ते..."
पुढचं बोलले नाहीत. काच वर दिली.
"जिन्याकडच्या अंगाला लाव. कोण बघतंय."

संध्याकाळी बटण दाबलं.
नेजकर झुंबराखाली उभे राहून पैसे मोजत होते,
दोनदा मोजले.
त्यांच्यामागं भिंतीवर एक ठिपका,
भोवती बारीक सोनेरी कडं.
मी पाहिला. मामांनी पाहिला.

मोजा काढताना ते रिकामं बोट
आतल्या आत उलटलं.
मामांनी तोंडाला लावून फुंकर मारली.
थांबले. परत मारली.
तिसऱ्या वेळी टुपकन् बाहेर आलं,
ताठ, पाचवं.