शंभरातले बत्तीस

रॉयटनच्या गिरणीमागे एक तळं होतं,
जानेवारीतही न गोठणारं.
काठच्या गवतावर हिव, पाण्यावर वाफ,
चुलीवरून आत्ताच उतरवल्यासारखी.
त्यात लाल मासे. जत्रेत जिंकलेले,
बरणीत मावेनात तेव्हा पोरांनी सोडून दिलेले.
आम्ही त्यांच्यात पोहायचो, ओठ निळे न होता.

माझे वडील इझ्रा क्लेग, इंजिनघरात.
मेबल आणि एडिथ, अशी दोन इंजिनं.
सिलिंडरला फळ्या, फळ्यांखाली केसांचा नमदा;
आईनं मलाही इतकं गुंडाळलं नव्हतं कधी.

एकदा मालकाचा धाकटा, हॅल्कयार्ड,
कॉलेजातून वही घेऊन आला.
"शंभर फावडी कोळसा जळतो, क्लेग.
मागापर्यंत पोचतात जेमतेम बारा.
बाकीची कुठं मुरतात?"

वडिलांनी चिंधीला हात पुसले.
थोडी चिमणीतून, थोडी गळतीत,
थोडी माझ्या बेअरिंगांत. ती माझी चूक, कान धरतो.
पण साहेब, बॉयलर इतका तापलेला,
तळं इतकं गार,
या दोहोंमधला उतार, तेवढंच आपलं राज्य.
उद्या खुद्द देव फिटर म्हणून लागला
तरी वाफेच्या उष्णतेतले
शंभरातले बत्तीस.
उरलेले तळ्याला द्यावेच लागतात.

"आणि नाही दिले तर?"
"तर चाक फिरत नाही."

मग दोघं काठावर गेले.
वडिलांनी डब्यातला पाव कुस्करून टाकला,
पाणी लाल तोंडांनी भरून गेलं.
"हे तुमचे अडुसष्ट," ते म्हणाले.
हॅल्कयार्ड हसला नाही. वहीत काहीतरी खोडलं त्यानं.

गिरणी बंद झाली एका शुक्रवारी.
आधी मेबल, मग एडिथ.
चाक मात्र बराच वेळ फिरत राहिलं,
निरोप कळला नसल्यासारखं.
बॉयलरची वीट आठवडाभर कोमट होती;
वडील रोज जाऊन तळवा टेकवायचे.

त्यांचं रोजचं टिपणाचं पुस्तक माझ्याकडे आहे.
दोन रकाने, बॉयलर आणि तळं,
तिसरा, फरकाचा.
शेवटच्या पानावर, डिसेंबरात,
एक्केचाळीस. एक्केचाळीस.
तिसऱ्यात शून्य लिहिलेलं नाही.
जागा तशीच कोरी.

त्या रात्री ते बादली घेऊन आले,
बाहीपर्यंत भिजलेले, सात मासे घेऊन.
आई म्हणाली, दारापासून लांब ठेवा,
फटीतून वारा येतो.