सात नंबरचा ट्रे

नवी पेठेतल्या दुकानात मी हिऱ्यांच्या काउंटरला असते.
मखमल काळी. दिवा वरून, किंचित तिरका.
शेठनी शिकवलं: आधी दिवा, मग हिरा,
किंमत सगळ्यात शेवटी, आणि तीही मुलाकडे बघून सांगायची,
मुलीकडे नाही.

साखरपुड्याची जोडपी येतात.
जुळे सोलापूरहून, अक्कलकोटहून, एकदा थेट विजापूरहून.
मुलगी म्हणते, एवढा कशाला.
मुलगा म्हणतो, असू दे.
त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माझा पगार आहे.

गड्ड्याची गर्दी ओसरली त्या आठवड्यात
एक जण एकटाच आला. अंगठी परत घ्याल का म्हणाला.
डबी आमचीच, बिलाची घडीसुद्धा मोडली नव्हती.
शेठनी भिंग लावलं. मजुरी जाते म्हणाले, करही जातो.
बेचाळीस हजारांचे चोवीस झाले पाच मिनिटांत.
तो भांडला नाही.
"डबी ठेवू का?" एवढंच विचारलं.
ठेवा, मी म्हटलं. डबीचे पैसे धरत नाहीत.

रात्री घरी सांगितलं. अम्मा सुपात तंबाखू घेऊन बसलेली,
"एंत?" म्हणाली. किती.
जगातली कुठलीही गोष्ट सांगा, तिचा पहिला प्रश्न एंत,
आणि उत्तर ती विड्यांत करून घेते.
हजाराला दोनशे दहा.
बेचाळीस म्हणजे दोन लाख विड्या.
"दोनशे दिवस. तेही पानं चांगली आली तर."

तिरुपती बोद्धूल चादरीच्या कारखान्यात
जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतो.
एक भोक चुकलं की मोराची मान तुटते,
असं पहिल्या भेटीत म्हणाला. दुसरं काही बोलला नाही.
कंबर तलावाकाठी दोघांत एक कणीस.
पैसे त्यानं दिले,
लिंबू मात्र मी जास्तीचं मागितलं.

दुसऱ्यांदा घरी आला तेव्हा हातात काही नव्हतं.
जाताना अम्माची पानं कापायची कात्री उचलून घेऊन गेला.
अम्मा रात्रभर बडबडत होती,
असला कसला पोरगा, द्यायचं सोडून नेतो.
सकाळी शिफ्टच्या आधी आणून दिली,
धार लावून, खिळा नवा घालून.
त्या दिवशी अम्माच्या अकराशे झाल्या.
ती काही म्हणाली नाही.
शेजारच्या राजव्वाला मात्र कात्री दाखवून आली.

आता सगळे म्हणतात, असा मुलगा शोधून सापडायचा नाही.
मलाही कळतं ते.
पण तुझ्यासाठी काय आणलं, हे कुणी विचारत नाही.

खरं सांगते. शटर अर्धं ओढल्यावर, मोजदाद व्हायच्या आधी
सात नंबरच्या ट्रेमधली तिसरी मी रोज घालते.
अर्धा मिनिट.
भाव पाठ आहे, परतीचासुद्धा.
तरी हात दिव्याखाली तिरका धरते.

परवा अम्मा डबा द्यायला दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं.
मी ती तिसरी तिच्या तळहातावर ठेवली.
तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी तिनं ती उलटून पाहिली.
मी वाट बघत होते, आता एंत म्हणेल.
म्हणाली, "यानं काय कापतं?"
काच, मी म्हटलं. हिरा काच कापतो.
"म्हणजे धार आहे."
पायरी उतरता उतरता वळली,
"बोथट काय ते त्याला दिसतं.
हवं काय ते सांगावं लागतं, एमे."

रविवारी भेटणार आहोत.
किंमत शेवटी सांगायची, एवढं मला येतं.
त्याच्या आधीचं काही जुळत नाही.
बेचाळीस म्हणू की चोवीस.
की म्हणूच नको, नुसता हात पुढे करू, रिकामा, तिरका.

लिंबू मागितलं तेव्हा बरं सहज आलं होतं तोंडात.