चार बोटं

चिलोए बेटावर समुद्र दर हिवाळ्यात
आमच्या अंगणातला एक घास घ्यायचा.
आधी कुंपण गेलं, मग बटाट्याचे वाफे.
त्या वर्षी आई म्हणाली,
"आता घरालाच चालवू या."

इथे तशी रीत आहे.
घरं लाकडाची, खालचे खुंट सोडवले
की घर म्हणजे बिनपायांचं, हट्टी जनावर.
गाव ओढायला येतं, पैसे घेत नाही,
संध्याकाळी पोटभर जेवतं, एवढंच.

मला बैल हाकायला मिळाले नाहीत.
रुपेर्तो मास्तरांनी हातात वही ठेवली : "तू मोज."
म्हणून मी मोजलं.

पहिली आली पाचर.
ओनोफ्रे काकाने तुळईखाली तिचं बारीक तोंड खुपसलं
आणि मागून घण घातला.
घण आडवा जात होता,
घर मात्र वर.
मी लिहिलं : पाचर बलाला वळण लावते.
वीतभर आत शिरते, बोटभर उचलते.

मग गोल ओंडके.
घर जमिनीवरून फरफटत न्या,
इंचाइंचाला जमीन भांडते.
ओंडक्यांवरही भांडतेच,
फक्त कुजबुजत.
मागचा ओंडका मोकळा झाला की आम्ही पोरं
तो पळत पळत पुढे नेऊन टाकायचो,
पुन्हा मागे, पुन्हा पुढे.
(वहीवर चिखल आहे तो तिथला.)

चर्चच्या वळणावर उजवा कोपरा रुतला.
सहा बैल, चाबूक, शिव्या,
तिघांचे खांदे,
घर ढिम्म.

तेव्हा एदेल्मिरा मावशी पुढे आली.
वजन अठ्ठेचाळीस किलो,
तेही ओल्या लोकरीच्या शालीसकट.
लुमाच्या झाडाचा दहा पावलं लांब वासा तिने कोपऱ्याखाली सारला,
वाशाखाली दगड ठेवायला सांगितला.
"घराजवळ. आणखी जवळ. अरे, घाबरतोस काय त्याला?"
टेकूपासून घर एक पाऊल,
टेकूपासून मावशी नऊ.
आणि दुसऱ्या टोकावर ती अशी बसली
जशी बोटीची वाट बघत धक्क्यावर बसते.

वासा वाकला, कुरकुरला.
मावशी छत्तीस बोटं खाली आली.
कोपरा चार बोटं वर.
चार बोटं! त्यात एक ओंडका शिरला, झालं.

पुरुष टोप्या उडवत होते.
मी भागाकार करत होते.
नवाने छत्तीसला भागलं, चार.
म्हणजे मावशीची ताकद नऊपट झाली खरी,
पण चालही नऊपट पडली तिलाच.
वाशाने पदरचं काही घातलं नव्हतं.
त्याने फक्त सुट्टे घेऊन नोट दिली.

शेवटी टेकडीचा चढ.
ओनोफ्रे काका म्हणाला सरळ वर घ्या, जवळ पडेल.
मास्तर म्हणाले तिरकं घ्या, दूर पडेल, म्हणूनच.
वर झाडाला दोराचं एक टोक बांधलं,
घराला कप्पी, तिच्यातून दोर परत वर आमच्याकडे.
वीस हात ओढला की घर दहा हात यायचं.
मला वाटलं, आता माझा हिशेब चोख झाला :
अंतर दुप्पट, जोर निम्मा.

पण मास्तरांनी दोरात मासे तोलायचा मोठा काटा अडकवला.
निम्म्याहून जास्त दाखवत होता.
पुन्हा बघितलं. तरी जास्त.
"मास्तर, काटा खोटा आहे."
ते म्हणाले, "काट्याला विचारू नकोस. कप्पीला विचार."

घर थांबल्यावर मी कप्पीजवळ गेले,
तिच्या आसाला हात लावला
आणि हात झटकन मागे घेतला.
तापला होता, तव्यासारखा.
माझ्या वहीतून जे गळत होतं
ते तिथे, लोखंडात, जाऊन बसलं होतं.

रात्री नव्या जागी चूल पेटली.
मावशीला सगळ्यात मोठा मटणाचा तुकडा वाढला.
मी जेवले नाही बराच वेळ.
बोटाला फोड आली होती,
आणि ती वहीत कुठल्या रकान्यात लिहायची
हे ठरत नव्हतं.